तिसरा भाव

कारखान्यातली करवत रविवारीही चालायची, पण त्या रविवारी थोरल्यानं ती बंद ठेवायला लावली. वाटणीवरून झालेल्या तमाशानंतर दोघे भाऊ चार वर्षांनी पहिल्यांदाच एका टेबलाशी बसणार होते. तेही काही प्रेमाचं भरतं आलं म्हणून नाही. बापाच्या छातीतली एक झडप निकामी झाली होती, म्हणून. आपल्या माणसांचं हे असंच असतं. सुखात एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, दुखण्यात सगळे धावत येतील, आणि येताना आपापलं जुनं गाठोडं तेवढं न विसरता बरोबर आणतील.

टेबल पुढच्या खोलीत होतं, दारं-खिडक्यांची गिऱ्हाइकं बसतात तिथे. थोरल्याची बायको, जिला घरात सगळे थोरलीच म्हणत, ती तिच्या रोजच्या खुर्चीत बसली, कारण कागद तिच्याकडे होते. एकवीस वर्षं या कारखान्याची एस्टिमेटं तीच काढत होती. नवी नवरी म्हणून आली तेव्हा पहिल्याच महिन्यात सासऱ्यांनी तिला स्वयंपाकघरातून उठवून इथे आणून बसवलं. म्हणाले, पोरी, फोडणी कुणालाही देता येते, माप सगळ्यांना घेता येत नाही. त्यावर सासूबाई पंधरा दिवस नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या.

त्याच बाबांची झडप. हृदयातून अंगभर रक्त जातं त्या वाटेवरची. ती कडक झाली होती, उघडायची तेवढी उघडत नव्हती. बाबांना जिना चढवेना, दोनदा ते चक्कर येऊन पडले, आडवं झालं की जीव घुसमटतो म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या झोपू लागले. गुरुवारी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून सगळं समजावलं, तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे दार फुगलंय. एवढंच ना?" डॉक्टरीणबाई हसल्या. एवढंच, म्हणाल्या, पण महिन्याच्या आत बदलायला हवं.

बदलायचे मार्ग दोन. एक, छाती उघडून जुनी झडप कापून काढायची आणि नवी शिवायची. त्याला पाच लाख. दुसरा, जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी घालायची आणि मिटलेल्या छत्रीसारखी नवी झडप वर नेऊन जुनीच्या आत उघडायची, त्याला सतरा. बाबांची प्रकृती बघता दोन्ही चालेल, घरात बोलून सांगा, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोन कागद हातात दिले. बाबांनी ते थोरलीकडे सरकवले. "तुम्ही ठरवा. ज्याला कापायचं त्याला काय विचारायचं? लाकडाला विचारतो का आपण?"

थोरलीनं दोन दिवस खपून तक्ता केला. दाराचा भाव सांगायचा आणि बिजागरी, कडी, कुलूप मागाहून लावायचं ही धंद्यातली चलाखी तिला पाठ होती, आणि हॉस्पिटलच्या कागदांतही तिनं ती बरोबर हुडकून काढली. पाचाच्या कागदात अतिदक्षता विभागाचे चारच दिवस धरले होते, रक्ताच्या पिशव्या धरल्याच नव्हत्या. सतराच्या कागदात पेसमेकर लागला तर तो वेगळा. सगळं मिळवून पाचाचे पावणेसात झाले आणि सतराचे अठरा. तक्ता असा नेटका झाला होता, की टेबलावर ठेवताना तिला मनातून बरंसुद्धा वाटलं. त्या बरं वाटण्याची पुढे तिला किती लाज वाटली, ते कुणाला सांगून कळणार नाही.

थोरल्यानं तक्ता वाचला आणि बोटानं पावणेसातावर टिचकी मारली. एवढे आहेत, म्हणाला, उद्याच्या उद्या भरतो. अठरा आणायचे तर मागची शेड विकावी लागेल, आणि शेड गेली की माल ठेवायचा डोक्यावर. डॉक्टर स्वतः म्हणतात दोन्ही चालेल, मग अडलंय कुठे?

धाकट्याला नेमकं तेच झोंबलं. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, कारखान्याशी त्याचा संबंध वाटणीत तुटला होता, आणि म्हणूनच की काय, बापावरचं प्रेम दाखवायची संधी तो सोडत नसे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाची छाती करवतीनं उघडायची, आणि का, तर शेड वाचवायला? त्यानं हे बरंच लांबवून सांगितलं. थोरला ऐकत राहिला आणि मग शांतपणे म्हणाला, "तुझं काय जातंय? शेड माझी विकायची आहे."

"बाप दोघांचा आहे."

"मग अठरातले नऊ टाक."

 नऊ कुठून आणणार बिचारा? मास्तरकीच्या पगारात घराचे हप्ते भरता भरता त्याच्या नाकी नऊ येत होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि थोरल्याला ठाऊक होतं म्हणूनच तो ते बोलला.

नणंद औषधाच्या दुकानात काउंटरला उभी राहायची, त्यामुळे दुखण्याच्या गोष्टीत घरात तिचा शब्द चालायचा. येताना ती थोरल्याच्या बाजूची होती. शिवलेली झडप टिकायला चांगली, रोज शेकड्यानं होतात या शस्त्रक्रिया, असं तिनं येतायेताच सांगितलं होतं. पण तक्ता खालपर्यंत वाचल्यावर तिचा चष्मा नाकावर उतरला.

"वहिनी, छाती उघडली की तीन महिने हाताशी दुसरं माणूस लागतं. आंघोळ, पथ्य, गोळ्या, रात्रीचं उठणं. ते कुठे धरलंयस यात?"

"ती करेलच की," थोरला म्हणाला. "घरची मजुरी आपण कधी धरली आहे?"

आणि ते खरं होतं. कारखान्याची रीतच तशी होती. बाहेरच्या सुताराची मजुरी एस्टिमेटात लागायची, घरच्या माणसाची नाही. थोरलीनं एकवीस वर्षं स्वतःला कुठल्याच कागदावर धरलं नव्हतं, आणि या तक्त्यावर धरायचं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तिला रागही आला नाही. आपण हे विसरलो याचंच आश्चर्य वाटत राहिलं.

नणंद मात्र पेटली. बाईचे तीन महिने फुकटात धरले तर जगातलं सगळंच स्वस्त पडेल, असं म्हणत ती तरातरा धाकट्याच्या बाजूला गेली. धाकट्याला बळ आलं. त्यानं लगेच सुचवलं, की मग अठराचे तीन भाग करू, प्रत्येकी सहा, तायडीनंही तिचा वाटा उचलावा. झालं. नणंदेच्या नवऱ्यानं नुकतंच दुकान बदललं होतं, सासरी पैशावरून आधीच तोंडाला तोंड लागत होतं. ती पाणी प्यायली, पदरानं ओठ टिपले, आणि म्हणाली, की तसं पाहिलं तर शिवलेली झडपच टिकायला चांगली.

थोरला हसला. त्याचं ते हसणं वाईट होतं. मग धाकट्यानं वाटणीचा विषय काढला, शेड मुळात कुणाची होती तिथपासून, आणि थोरल्यानं आईच्या बांगड्यांचा काढला, आणि आईच्या बांगड्या निघाल्या की या घरात पुढे काय होतं ते मागे एकदा सगळ्यांनी पाहिलं होतं.

आई दाराशी स्टुलावर बसली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती उठली, गुडघे धरून दोन क्षण उभी राहिली.

"दोन्हीतलं एक करा," ती म्हणाली. "कुठलंही करा. पण करा." आणि ती जिन्याकडे गेली.

थोरलीनं ते ऐकलं होतं. पुढे ती नाकारू शकली नाही ती हीच गोष्ट. ऐकलं, पण तिचं लक्ष टेबलावर होतं. थोरला उभा राहिला होता, धाकट्यानं खुर्ची मागे ढकलली होती, आणि आता उठले तर हे दोघे सरणाशीच भेटतील असं तिला दिसत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. घर सांधायची सवय असलेली बाई. तिच्या तोंडी जे घरचं होतं तेच आलं.

"आपण तिसरा भाव कुठे घेतलाय?"

सगळे थांबले. कारण हा बाबांचा नियम होता. बाजारात त्यांना तीनभाव मिस्त्री म्हणायचे ते उगाच नाही. दोन वखारींचे भाव आले, तरी तिसऱ्या वखारीत गेल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात फळी उचलली नाही. दोन भाव नुसते भांडतात, तिसरा न्याय करतो, असं ते म्हणायचे. मुलीची स्थळंसुद्धा त्यांनी तीन पाहिली होती, आणि मधलं घेतलं होतं. नणंद अजून त्यावरून नवऱ्याला चिडवायची.

थोरला खाली बसला. हो की, म्हणाला, आपण दोनावरच भांडतोय. धाकटाही मान हलवू लागला: दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलांत विचारू, नळीच्या कामाचा कमी भाव कुठेतरी असेलच. नणंदेनं तर सुटकेचा श्वास सोडला. बघता बघता खोलीतला ताण उतरला, चहा आला, भाऊ भावाला साखर पुढे करू लागला. थोरलीला सगळ्यांनी शहाणी ठरवलं. एकानंही लक्षात घेतलं नाही, की आपल्याला तोडगा मिळालेला नाही, न ठरवायला निमित्त मिळालंय.

आणि वेळ? वेळ होता की. महिन्याच्या आत, असंच म्हणाल्या होत्या ना डॉक्टरीणबाई. दारं-खिडक्यांच्या धंद्यात महिन्याच्या आत म्हणजे तिसाव्या दिवशी संध्याकाळी. त्याआधी माल कुणी दिला नाही, कुणी मागितला नाही.

वर जाऊन थोरलीनं बाबांना तिसऱ्या भावाचं सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मान डोलावली. पोटची पोरं विसरली, सुनेनं लक्षात ठेवलं, म्हणाले. आई पलंगावर बसून त्यांचा सदरा घडी घालत होती. तिनं वर पाहिलं नाही.

पुढचे बावीस दिवस थोरलीनं जिवाचं रान केलं, हे मान्य करायला हवं. आळस कुणीच केला नाही, आणि दुःखही त्याचंच आहे. पाच हॉस्पिटलांना तिनं रिपोर्ट पाठवले. एक म्हणालं, स्कॅन आमच्याच मशीनवर हवा. दुसऱ्याचे डॉक्टर परिषदेला गेले होते. तिसऱ्यानं भाव कळवला तो झडपेशिवाय. म्हणजे चौकटीचा दिला आणि दाराचं बोललेच नाहीत. तिनं फोन करून त्यांना फैलावर घेतलं. धाकटा शाळा सुटली की रोज येऊन बसायचा, थोरला त्याला सोडायला कोपऱ्यापर्यंत जायचा. घर असं एकदिलानं चाललेलं तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. बाबांच्या पावलांवर सूज दिसू लागली. आईनं तिला बोलावून अंगठा दाबून खड्डा दाखवला. थोरली म्हणाली, आता दोन-तीन दिवसांत उत्तर येतंय, आई. दोन-तीन दिवसांनी लघवी कमी झाली. थोरली म्हणाली, सोमवारी नक्की.

सोमवारी कागद आला. दूरच्या शहरातलं हॉस्पिटल, नळीचंच काम, झडप दुसऱ्या कंपनीची, सगळं धरून अकरा. तिनं एकेक ओळ तपासली. बिजागरी-कडीसकट सगळं होतं. पावणेसात, अकरा, अठरा. मधला भाव. शेड न विकता मागच्या बाजूचं लाकूड काढलं तर जमत होतं, आणि धाकट्यानं त्यात दोन टाकायचे ठरवले, नणंदेनं एक. पंधरा मिनिटांत सगळं ठरलं. थोरल्यानं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढायला विसरला. थोरली तीनही कागद घेऊन जिना चढली, तर वरून आईच हाक मारत होती. बाबांचे ओठ निळे पडले होते आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं. तीन खुर्च्या होत्या. थोरला उभा राहिला. त्या हळू आणि सरळ बोलल्या. हृदय थकलंय, रक्त ढकलायची ताकद निम्म्याहून कमी झालीय. त्याच्या मागोमाग मूत्रपिंडं बसलीत. छाती आता उघडता येणार नाही, टेबलावरच जातील. नळीच्या कामाला जे औषध रक्तात सोडावं लागतं ते ही मूत्रपिंडं झेलणार नाहीत. दूरच्या शहरात नेणं तर सोडूनच द्या, ते लिफ्टपर्यंत पोचणार नाहीत. इथे औषधांवर ठेवू, त्रास होऊ देणार नाही.

"किती दिवस?" नणंदेनं विचारलं. तिला काउंटरवर रोज लोक हेच विचारायचे.

थोडे, त्या म्हणाल्या. आठवडा धरू नका.

धाकट्यानं तोंडावर हात घेतले होते. थोरलीनं तीन कागद मांडीवर धरले होते आणि ते तिला कुठे ठेवावे कळत नव्हतं. तिनं विचारू नये ते विचारलं. पण माणसाला जिथे लागलंय तिथेच तो पुन्हा हात लावून बघतो.

"त्या गुरुवारी आम्ही काय घ्यायला हवं होतं? पाचाचं की सतराचं?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या खोटं बोलू शकल्या असत्या, पण त्यांना ठाऊक नव्हतं, की या प्रश्नावर या बाईचा सगळा जन्म उभा आहे.

"कुठलंही," त्या म्हणाल्या. "त्या आठवड्यात कुठलंही चाललं असतं."

सगळे बाहेर आले. एरवी या घरात दोष टाकायला माणूस शोधावा लागत नसे. थोरला धाकट्यावर टाकायचा, धाकटा थोरल्यावर, नणंद दोघांवर. आज तिघेही भिंतीकडे बघत उभे होते, आणि थोरलीला समजलं, की ते आपल्याकडे बघत नाहीयेत. बघितलं असतं तर बरं झालं असतं. थोरल्यानं नुसतं एवढंच म्हटलं, की तू सगळ्यांच्या भल्यासाठी बोललीस. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तिला वाटलं, आता यापुढे हा माणूस माझ्याशी आयुष्यभर असाच चांगला वागेल आणि मला ते सोसावं लागेल. बैल गेल्यावर गोठा बांधणारी माणसं तिनं खूप पाहिली होती. पण दावं आपल्याच हातानं सोडून वर शहाणी म्हणवून घेणारी ती एकटीच.

आत एका वेळी एकालाच सोडत होते. आई सकाळपासून होती. ती बाहेर येऊन बाकावर बसली. थोरली तिच्यापुढे उभी राहिली. आई आता बोलेल, आणि बोलावंच, असं तिला वाटत होतं. आईनं तिच्या हाताचा आधार घेत बूड सरकवलं, आणि म्हणाली, "तुझीच आठवण काढताहेत. जा."

बाबांच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. पलंग डोक्याकडून उचलला होता. रात्रीपेक्षा चेहरा स्वच्छ दिसत होता. त्यांनी बोटानं तिला जवळ बोलावलं आणि एकेक शब्द श्वास घेऊन घेऊन विचारलं, तिसरा आला का.

"आला, बाबा."

"कितीला?"

"अकरा. सगळं धरून."

त्यांनी डोळे मिटले. ती घाबरली, पण ते हिशेब करत होते. मग त्यांचे ओठ हलले, आणि ते हसताहेत हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"मग पोरं भांडली नाहीत ना?"

"नाही. दोघे बाहेर एकत्र उभे आहेत."

"घाई केली असती," ते म्हणाले, आणि थांबून दम घेतला, "तर ठकलो असतो. पैशानंही आणि पोरांनीही." परत थांबले. "कधी करतात?"

सगळे शब्द तिच्या गळ्यापर्यंत आले. मला माफ करा, हे आलं. मी वेळ घालवला, हे आलं. आई म्हणाली होती आणि मी ऐकलं नाही, हेही आलं. त्यातला एकही त्यांच्या उपयोगाचा नव्हता. फक्त तिच्या उपयोगाचे होते.

"उद्या," ती म्हणाली. "उद्या सकाळी पहिलं तुमचंच."

"बरं झालं." त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला. सुईची पट्टी चिकटवलेला हात, चार बोटं वर आला आणि थांबला. त्यांना काय करायचंय ते तिला कळलं, आणि त्यांनी ते करू नये म्हणून तिनं काहीही दिलं असतं. "माझ्या घरात," ते म्हणाले, "तूच खरी मिस्त्री."

त्यांचा हात पोचावा म्हणून तिनं मान खाली घातली. हात डोक्यावर आला, तसाच राहिला, आणि ते झोपी गेले तरी तिला तो काढून बाजूला ठेवता येईना.